मामा, कृष्णेचा पूल आणि आपला वाद

मामा,

बाराव्याच्या जेवणाला आलेल्या पाहुण्यांनी तुमचं जे वर्णन केलं ते ऐकून तुम्ही पोट धरून हसला असता. माझ्या माहेरचे एक नातेवाईक मुरगूडहून आले होते. ते सगळ्यांना सांगत होते, "फार शांत माणूस. कधी आवाज चढवून बोलणं नाही." मी चहाचे कप गोळा करत होते, ती तशीच थांबले. आत्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. पाहुण्यांना वाटलं, त्यांना भरून आलं. मी जवळ होते. आत्या हसत होत्या.

सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची आपल्याकडची रीत. मला ती मुद्दाम पाळावी लागली नाही. तुम्हाला दुसरं काही म्हणावं असं कधी वाटलंच नाही.

तुम्ही मीठ मागितलं तरी पलीकडच्या गल्लीत कळायचं. लग्न होऊन उचगावच्या घरात आले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटायचं, सासऱ्यांना मी अजिबात आवडलेली नाही. "च्या झाला काऽऽ?" अशी हाक आली की माझ्या हातातली साखर सांडायची. शेवटी आत्यांनीच मला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, चिडत न्हाईत ती. डावा कान गेलाय. लोखंड ठोकून ठोकून. त्यास्नी वाटतंय आपण हळूच बोलतोय."

मग तुम्ही तुमचा हात दाखवलात. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत डागलेल्याचे बारीक बारीक ठिपके होते. तुम्ही सांगितलंत की नदीवरचे मोठे लोखंडी पूल नटबोल्टांनी नाही, रिबिटांनी, म्हणजे जाड लोखंडी खिळ्यांनी, जोडलेले असतात. एक माणूस भट्टीत रिबीट लाल करतो, चिमट्यानं वर फेकतो. दुसरा ते पत्र्याच्या डब्यात झेलतो आणि भोकात घालतो. तिसरा मागून टेकण लावतो, चौथा पुढून घण घालतो. "लाल हाय तवर ठोकायचं. मग ते गार हुताना आपसूक आवळतंय. दोन पत्रं असं धरतंय, असं धरतंय की बास!" असं म्हणून तुम्ही दोन्ही पंजे एकमेकांत अडकवून दाखवलेत. तुमचा मुलगा संजय कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा. त्यानं हे शंभरदा ऐकलं असणार. तो जेवण अर्धं टाकून उठला. मी बसून राहिले, कारण मला उठायचं धाडस नव्हतं. पण तुम्हाला वाटलं, पोरीला आवड आहे. मामा, आपल्या मैत्रीची सुरुवात अशी गैरसमजातून झाली.

पुढच्या वर्षी मला मिरजेच्या एका दवाखान्यात नोकरीची संधी आली. लग्नाआधी मी रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला होता, तो नुसता कागदावर राहिला होता. मुलाखतीला सोबत म्हणून तुम्ही आलात. नुकतेच रेल्वेच्या पुलांच्या टोळीतून निवृत्त झाला होतात, घरात तुम्हाला करमत नव्हतं. जाताना गाडी रुकडीच्या अलीकडे पंचगंगेवर आली, मी काहीतरी शोधायचं निमित्त करून पिशवीत डोकं घातलं. जयसिंगपूर गेल्यावर कृष्णेचा पूल आला तेव्हा निमित्त सुचलं नाही. मी खिडकीचा गज धरला आणि डोळे मिटले.

"सुजाता! डोळं का झाकलंस?"

सगळ्या डब्यानं माझ्याकडं बघितलं.

"झोप येतेय मामा."

"झोपल्यालं माणूस गज आवळून धरतंय व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निवड झाली, पण परत आल्यावर मी घरात जाहीर केलं की नोकरी घेणार नाही. वेळ जमत नाही, घरचं आवरून होणार नाही. एसटीनं जायचं तर सकाळी वेळेत पोचणं होणार नाही. संजय म्हणाला, "तुझी मर्जी." तुम्ही सुपारी कातरत होता. वर न बघता म्हणालात, "वेळ जमत न्हाय, का पूल जमत न्हाय?"

तेव्हा मी पहिल्यांदा कुणालातरी ते सांगितलं. मुरगूडला रेल्वे नाही. मी सात वर्षांची असताना आईबरोबर मिरजेला मावशीकडं निघाले होते, तो माझा आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. गर्दीत आम्ही दाराजवळ उभ्या होतो. गाडी पुलावर आली आणि माझ्या पायातली चप्पल निसटून खाली गेली. नवी, लाल पट्ट्याची. ती पडताना मी बघत राहिले. पडतेय, पडतेय, पाण्याला लागतच नाही. त्या दिवसापासून पूल आला की मला वाटायचं, आता मी.

तुम्ही हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत. आडकित्ता खाली ठेवलात आणि विचारलंत, "कुठला महिना हुता?"

"मे असेल. सुट्टी होती."

"मग बरोबर. उन्हाळ्यात पाणी लई खाली असतंय. म्हणून येळ लागला." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागलात. माझ्या इतक्या वर्षांच्या भीतीला कुणी असं उत्तर देईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला राग आला. आणि कुठंतरी, थोडं हलकंही वाटलं.

रविवारी तुम्ही मला कृष्णेच्या काठावर नेलंत. जयसिंगपूरला उतरलो, रिक्षा केली, मग वांग्याच्या प्लॉटातून चालत. मी नवी सून, डोक्यावर पदर, हातात तुमची पाण्याची बाटली. वांगी तोडणाऱ्या शेतकऱ्यानं हाक मारली, "काय पावणं, वाट चुकलाय काय?"

"न्हाय! सुनंला दाखवाय आणलंय!"

"काय?"

"पूल की!"

त्या माणसानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी घरात मोठा गुन्हा केलाय आणि ही माझी शिक्षा आहे. मग त्यानं आपल्याच पाटीतली चार वांगी माझ्या ओटीत घातली.

खालून पूल वेगळाच दिसला. गाडीत बसल्यावर तो नुसता खडखडाट असायचा. खालून दिसले ते दगडी खांब आणि त्यांच्यावर एका रांगेत बसलेले लोखंडाचे मोठे मोठे त्रिकोण. त्यांच्यातून आभाळ दिसत होतं. एवढा वजनदार पूल एवढा पोकळ असतो, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ह्याला भिंती का नाहीत? भरीव का नाही केला?"

तुम्हाला हाच प्रश्न हवा होता. बांधावरच्या गंजीतून तुम्ही कडब्याची चार ताटं, ज्वारीची वाळकी धाटं, उपसलीत आणि केळीच्या सोपटानं कोपरे बांधून चौकट केलीत. माझ्या हातात दिलीत. "दाब." मी एका कोपऱ्याला दाबलं, चौकट लगेच तिरकी होऊन चपटी झाली. मग तुम्ही पाचवं ताट आडवं तिरकं बांधलंत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. "आता दाब." मी दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. ताट वाकेल असं वाटलं, पण चौकट हलली नाही.

"बघितलंस? चौकोन पळतोय. तिरकं एक घाटलं की झालं दोन त्रिकोण. त्रिकोणाला पळाय येत न्हाय. कुणीकडनं बी दाब, त्यो दुसऱ्यावर ढकलतोय, दुसरा तिसऱ्यावर, आणि शेवट सगळं जातंय खांबावर. भिंत घालून नुसतं वजन वाढवायचं कशाला?"

मग तुम्ही मला खांबाच्या डोक्याकडं बोट करून पुलाचं टोक कुठं टेकलंय ते दाखवलंत. एका बाजूला घट्ट बसवलेलं. दुसऱ्या बाजूला त्याच्याखाली लोखंडी लाटणी. खरंच, पोळपाटावरच्या लाटण्यासारखी. उन्हानं लोखंड वाढतं, थंडीत आखडतं, त्याला पुढंमागं सरकायला जागा लागते म्हणून. तेवढ्यात गाडी आली. तुम्ही माझा हात धरून खांबाच्या दगडावर ठेवलात. वर खडखडाट सुरू झाला आणि दगडाच्या आतून काहीतरी थरथरत माझ्या तळव्यात आलं. मी हात काढून घेतला.

"मामा, हलतोय तो!"

"हलणारच की!" तुम्ही गाडीच्या वर आवाज काढून ओरडलात. "हलतोय म्हणून उभा हाय! ज्या दिवशी हलायचा बंद हुईल त्या दिवशी मला सांग. दोघं एसटीनं जाऊ!"

सोमवारी मी कामावर रुजू झाले. स्टेशनवर बघते तर तुम्ही माझ्याआधी येऊन उभे. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, खिशात स्वतःचा पास. ठराव तुम्हीच केलात. सकाळी तुम्ही सोबत यायचं आणि मिरजेहून पुढच्या गाडीनं परत जायचं. संध्याकाळी मी एकटीनं यायचं. "सकाळी शिकवणी, सांजचं परीक्षा."

पहिल्या संध्याकाळी मी पंचगंगेवर डोळे उघडले ते फक्त क्षणभर. खाली म्हशी पाण्यात बसल्या होत्या आणि एक माणूस एकीच्या पाठीवर उभा राहून तिला घासत होता. दुसऱ्या संध्याकाळी मी तो माणूस आज आहे का ते बघायला डोळे उघडले. नव्हता. पण तोवर पूल संपला होता.

आणि मामा, आता ती गोष्ट, जी तुम्हाला सांगायची राहिली.

माझी भीती पाचव्या दिवशी गेली. मला नेमकं आठवतं, कारण ती गेलेली मला कळलीच नाही. हातकणंगल्याला चढणारी पद्मा मगदूम, जयसिंगपूरच्या शाळेत शिकवायची, तिची त्या दिवसापुरती मिरजेला कसली तरी बैठक होती. ती मला त्यांच्या जैन घरात कांदालसूण न घालता भरली वांगी कशी करतात ते सांगत होती. मी मसाला विचारत होते. बघते तर मिरज आली. कृष्णा केव्हा गेली पत्ता नाही. तुम्ही समोर बसून दुसऱ्या एका प्रवाशाला रिबिटांचं सांगत होता, त्यामुळं तुमच्याही लक्षात आलं नाही. मी सांगणार होते. अगदी ओठावर आलं होतं. पण तुमच्याकडं बघितलं आणि थांबले. निवृत्त झाल्यापासून तुम्ही ओसरीवर बसून रस्ता बघत होता. आता रोज दाढी होत होती. डब्यात तुमची वाट बघणारी माणसं झाली होती. म्हणून पुढं कितीतरी दिवस, पूल आला की मी मुद्दाम गज धरायचे. तुम्ही म्हणायचात, "घाबरायचं न्हाय, मी हाय," आणि मी मान हलवायचे. गुडघ्यानं नको म्हणेपर्यंत, तब्बल अडीच महिने, तुम्ही येत राहिलात.

हे खोटं माझ्या मनात सलत होतं. परवा मी ते आत्यांजवळ कबूल केलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यास्नी ठाऊक हुतं की."

"काय?"

"पहिल्याच आठवड्यात मला म्हणालं, पोरगी सुधारली. म्या इचारलं, मग आता कशाला जाताय रोज उठून? तर म्हणालं, जाऊ दे, तिला बरं वाटतंय."

मामा! म्हणजे अडीच महिने मी तुमच्यासाठी घाबरत होते आणि तुम्ही माझ्यासाठी धीर देत होता. आम्ही दोघी भाजी तशीच टाकून हसलो. तुम्ही गेल्यावर घरात एवढ्या मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं.

गोदावरीची आठवण मात्र मी अजून कुणाशी वाटून घेतलेली नाही. एकोणीस वर्षांचे असताना तुम्ही ठेकेदाराच्या टोळीबरोबर राजमुंद्रीला गोदावरीवरच्या मोठ्या पुलाच्या कामावर गेलात. तो पूल पुरा झाल्यावर पुन्हा बघितला नव्हतात. तुमची सत्तरी जवळ आली तेव्हा एकदा म्हणालात, "एकदा त्याच्यावरनं गाडीतनं जायचं ऱ्हायलंय." संजयला सुट्टी मिळेना. माझी मुलगी शाळेत होती, ती आत्यांजवळ राहिली. आणि ज्या सुनेला पंचगंगा ओलांडवत नव्हती ती तुम्हाला घेऊन दोनदा गाडी बदलत गोदावरीला निघाली. तुम्ही वाटेतल्या प्रत्येक नदीला मला खिडकीशी बोलावलंत. हा दगडी कमानींचा, हा नुसत्या तुळयांचा, ह्याचे त्रिकोण पोटाखाली आहेत, ह्याचे डोक्यावर.

गोदावरी सकाळी आली. मी नदी म्हणून पंचगंगा आणि कृष्णा बघितलेली. हिचा पलीकडचा काठच दिसेना. खाली आपली गाडी, वर मोटारींचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंनी त्रिकोणांमागून त्रिकोण. संपेचनात. त्यांची सावली तुमच्या तोंडावरून सरकत होती, ऊन, सावली, ऊन, सावली. मी वाट बघत होते की आता तुम्ही अख्ख्या डब्याला शिकवणार. तुम्ही फक्त खिडकीच्या कडेवर बोट आपटत होता. मग, मामा, मी तुमचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला.

"नारबा भट्टीवर. मी झेलाय. चंदगडचा तुका घणावर. टेकणावर… टेकणावर कोण हुतं गं?"

जसं काही मीही तिथं होते.

चौथ्याचं नाव आठवेना. दिवसभर तुम्ही बेचैन. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलात इडली खाताना तुम्ही एकदम ओरडलात, "येंकण्णा!" आणि आतून वाढपी पळत आला, हात जोडून उभा राहिला. त्याचंही नाव तेच. तुम्हाला तेलुगू येत होतं ते चारदोन शब्द, त्याला मराठी नाही. तरी तुम्ही त्याला उठून मिठी मारलीत. तो बिचारा आपलं काय चुकलं म्हणून माझ्याकडं बघत होता.

आपला वाद तिथंच सुरू झाला, त्याच संध्याकाळी, घाटावर. तुमच्या पुलाशेजारी एक त्याहून जुना पूल उभा होता. त्याच्यावरून गाड्या जाणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तो तसाच ठेवला होता. सूर्य त्याच्या मागं उतरत होता. मी म्हटलं, "किती छान. जपून ठेवलाय बघा."

"कशाला?"

मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं.

"ऐकलं की. कशाला ठेवलाय म्हणतोय. गाडी जाती तवर पूल. गाडी बंद, मग ते नुसतं लोखंड. वितळवायचं आणि दुसऱ्या कामाला लावायचं. चांगलं लोखंड हाय ते. असं उनात बसवून ठेवायचं म्हंजे त्याचा अपमान हाय."

मी थक्क झाले. जिला पुलाची भीती होती ती म्हणत होती ठेवा, आणि ज्यानं जन्म पुलावर घातला तो म्हणत होता पाडा. पुढं सात वर्षं आपण ह्यावरून भांडलो. कृष्णेवर दुसरा मार्ग होणार, नवा पूल होणार अशी काही बातमी पेपरात आली की त्या दिवशी आत्या भाकरी लवकर करायच्या, कारण आज जेवताना हे दोघं भांडणार. मी म्हणायचे, माणसांनी हातानं ठोकलेलं एकेक रिबीट आहे, पुढच्या पोरांना दाखवायला नको? तुम्ही म्हणायचात, "पोरांस्नी नवा पूल बांधाय शिकवा. जुना बघून काय करत्यात? फोटू काढत्यात."

गेल्या पावसाळ्यात मी बोलू नये ते बोलले. दवाखान्यातून दमून आले होते. तुम्ही पुन्हा तेच सुरू केलंत आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग माणूस निवृत्त झाला की त्यालाही भंगारात घालायचं का मामा?"

संजयचा घास हातात राहिला. तुम्ही ताटात हात धुतलात आणि उठलात. मी रात्रभर तळमळले. सकाळी चहा घेऊन आले, माफी मागायची म्हणून. तुम्ही माझ्या हातातून कप घेतलात आणि नेहमीच्या आवाजात म्हणालात, "भंगारात घालू नको. कामाला लाव." मला वाटलं, तुम्ही चेष्टेवर नेलंत. मी सुटले. माफी तशीच राहिली. ती आता मागते.

तुम्ही गेलात ते सकाळी, अंगणातल्या खुर्चीत, चहा पिऊन झाल्यावर. कप नीट बशीत ठेवलेला. नाडी मीच बघितली. तासाभरात घर भरलं. धाकट्या काकांनी, तुमच्या भावानं, पंचगंगेवर न्यायची तयारी सुरू केली. तेव्हा आत्यांनी ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि संजयच्या हातात दिली. तुमचा देहदानाचा फॉर्म. तुमची सही, साक्षीला आत्यांचा अंगठा आणि संजयची सही. त्या भांडणानंतर पंधरवड्यात केलेला. घरात माहीत नव्हतं ते फक्त मला.

काका भडकले. "अग्नी न्हाय द्यायचा? भाऊबंदांनी काय म्हणायचं?" आणि मामा, खरं सांगते, मी काकांच्या बाजूनं होते. मी दवाखान्यात काम करणारी. देहदानाचं महत्त्व दुसऱ्यांच्या घरच्यांना मी समजावून सांगितलंय. पण त्या वेळी मी आत्यांचे हात धरले आणि म्हटलं, "नको ना आत्या. पंचगंगेवर नेऊ."

आत्या म्हणाल्या, "तू आडवी येशील म्हणूनच तुला सांगू दिलं न्हाय. म्हणालं, तिला ठेवायचं येड हाय." मग काकांकडं वळल्या. आयुष्यात दिरासमोर पदर सावरल्याशिवाय कधी न बोललेली बाई. "भाऊजी, पन्नास वर्षं त्यांचं वरडणं ऐकलं मी. एवढी एकच गोष्ट हळू बोलून मागितली त्यांनी. ती मी देणार."

काका खाली बसले. मग मिरजेच्या मेडिकल कॉलेजला फोन करायचा होता आणि कुणाला करायचा ते फक्त मला ठाऊक होतं. मी फोन केला. माझा आवाज स्थिर होता, याचं मलाच नवल वाटलं.

तुम्हाला नेणाऱ्या गाडीत पुढं मी आणि काका. अंकलीजवळ कृष्णेवरच्या रस्त्याच्या पुलावर आलो, शेजारी रेल्वेचा पूल दिसला. काका म्हणाले, "ह्योच काय दादाचा?"

"होय."

"त्यो असा पोकळ का गं केलाय?"

मी सांगायला लागले. कडब्याच्या ताटांपासून सुरुवात केली. काकांनी मध्ये दोन प्रश्न विचारले. मिरज आली तरी माझं संपलं नव्हतं. उतरताना काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मला त्यानं कधी सांगितलं न्हाय हे. मी इचारलंच न्हाय म्हणा."

ते कॉलेज माझ्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. काल कामावर गेले तेव्हा मी त्या रस्त्यानं गेले नाही. आज गेले. फाटकातून पांढऱ्या कोटातली पोरंपोरी आत जात होती, पहिल्या वर्षाची असावीत, वह्या छातीशी धरलेल्या. एक मुलगी जरा मागं रेंगाळत होती. बहुतेक आतल्या खोलीची तिला भीती वाटत असावी. माझ्या मनात आलं, हिला चांगले मास्तर मिळालेत. तुमच्या उजव्या खांद्याचं हाड डाव्यापेक्षा जाड निघेल. ती विचारेल, हा माणूस काय काम करत होता? तिथं कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवतेय.

आत्या बऱ्या आहेत. दुपारी पद्मा येऊन बसते त्यांच्याजवळ. संजयनं परवा लेथवरून एक पितळी तुकडा आणला, कशासाठी ते सांगत नाही. माझं म्हणाल तर मला रडू येतं, पण फार वेळ टिकत नाही. तुमचं काहीतरी आठवतं आणि हसू येतं.

माझा स्वतःचा देहदानाचा फॉर्म मी अजून भरलेला नाही. कृष्णेचा जुना पूल ठेवायलाच पाहिजे, हे माझं मतही बदललेलं नाही. जवळ होतं नव्हतं ते सगळं तुम्ही कामाला लावून गेलात, मामा. भांडण तेवढं मी ठेवून घेतलंय.